कमळाची कापलेली पाकळी

यंत्रं आपापसांत बोलायची तेव्हाची गोष्ट. साबणाच्या कारखान्यात सुरी चालवणारा एक छोटा सर्किट-बोर्ड होता. तारेच्या दुसऱ्या टोकाचं थोरलं घड्याळ सांगेल त्या वेळेवर तो सुरी पाडायचा, तरी दर वडीवर उमटवलेल्या कमळाची एक पाकळी कापली जायची.

"उद्या तुला भंगारात टाकणार आहेत," घड्याळ म्हणालं. "मी काही चुकत नाही."

बोर्डाने घड्याळाला हाक मारली आणि ती जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातला निम्मा वेळ त्याने घड्याळाच्या वेळेत मिळवला. पुढची वडी अख्ख्या कमळासकट उतरली.

"म्हणजे माझी वेळ चुकीची होती?"

"नाही काका, निघताना बरोबर असायची. माझ्यापर्यंत येईस्तोवर शिळी व्हायची."

तेव्हापासून कुणी वेळ विचारली, की घड्याळ आधी विचारतं, "तू किती लांब आहेस?"