ओल्या शेवंतीची पुडी

सगुणाच्या घरात फुलं भल्या पहाटे यायची आणि भाकरी यायची उन्हं उतरल्यावर. तिची आई देवळाबाहेर हार विकायची. संध्याकाळी टोपलीत जी मलूल फुलं उरायची, ती बाकीच्या हारवाल्या ओढ्यात टाकून देत. सगुणाला ते जमत नसे. घरामागच्या एवढ्याशा बागेत, पेरूच्या सावलीत, ती प्रत्येक फुलाच्या देठाला दोरा बांधायची आणि फुलं उलटी टांगून ठेवायची. पिवळीधमक शेवंती, केशरी झेंडू, इवले इवले गुलाबी गुलाब, सगळे वाऱ्यावर झुंबरासारखे डुलायचे.

एकदा एक पांढरीशुभ्र शेवंती दोऱ्यातून सुटून मुंग्यांच्या वाटेत पडली. सगुणाने तिला अलगद उचललं, हळूच फुंकर घातली, आणि पाकळ्यांच्या आत कुणीतरी शिंकलं.

आत परी होती. बोटाच्या पेराएवढी. मोरपंखी झगा, लांबरुंद बाह्या, कमरेला सोनेरी पट्टा, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत, चमचमते पंख. तिचं नाव हाना. समुद्रापलीकडच्या जपानात एका शेवंतीत ती झोपली होती आणि वाऱ्याने तिला झोपेतच इथे आणून सोडलं होतं.

मुंग्यांपासून वाचवल्याबद्दल हानाने सगुणाला आपल्या देशातली एक कला शिकवली. सुकलेलं फूल इवल्याशा रेशमी पिशवीत ठेवायचं आणि पिशवीचं तोंड रंगीत दोऱ्याने बांधायचं. तिकडे याला ओमामोरी म्हणतात, म्हणजे जपणारी वस्तू. गाठ मात्र खास. पुढून ती चौकोनासारखी दिसते आणि मागून फुलीसारखी. ही दोन चिन्हं हानाच्या भाषेत शेजारी शेजारी लिहिली, की त्यांचा अर्थ होतो ‘इच्छा पुरी होवो’.

“पण नियम आहेत हं,” हाना म्हणाली. “स्वतःसाठी बांधायची नाही. ज्याच्यासाठी बांधशील, त्याचं भलं मनात हवं. फूल पुरतं सुकलेलं हवं. कानाशी धरलं की पाकळी कुरकुरली पाहिजे. आणि एकदा बांधली की उघडायची नाही, नाहीतर आतलं नशीब उडून जातं. बांधणारीनेच उघडली, तर तिच्या बोटांना ही गाठ पुन्हा कधीच आठवत नाही.”

पिशव्यांसाठी कापड दिलं उर्मीने. उर्मी शिंप्याची मुलगी, सगुणाची मैत्रीण. खणाच्या चोळ्या शिवून उरलेले जरीकाठाचे तुकडे ती ओंजळ भरभरून आणायची. सगुणाच्या या सुकल्या फुलांच्या पुड्या गावभर गेल्या. गवळ्याची हरवलेली गाय परत आली, कुंभारणीचं आजारी बाळ खुदकन हसलं. लोक कुणी तांदूळ आणून देत, कुणी गूळ, कुणी तेलाची बुधली. आता घरात दोन्ही वेळा चूल पेटू लागली.

फुलांच्या मोसमात नदीपलीकडून सारजाताई यायच्या. त्यांच्यासारखं गाणारं त्या मुलखात कुणी नव्हतं. दरवर्षी त्या मुलींचं गाणं ऐकायच्या आणि एका, फक्त एका मुलीला, शिकवायला घरी घेऊन जायच्या. एकीलाच का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मोठी माणसं अशा गोष्टी विचारत नाहीत.

सगुणाला जायचं होतं. फुलं टांगताना ती गायची तेव्हा पेरूवरचे पोपटसुद्धा गप्प बसायचे. आणि उर्मीलाही जायचं होतं. यंदा गाणाऱ्या दोघीच होत्या.

उर्मीच्या घरी बाजाची पेटी होती. उर्मीच्या वेण्यांना निळ्याभोर फिती होत्या. उर्मीचे वडील तिच्यासाठी नवा परकर शिवत होते, त्याला मोत्यांसारखे मणी लावत होते. हे सगळं सगुणाने आधीही पाहिलं होतं, पण तेव्हा ती नुसती पाहायची. आता ती मोजू लागली. एक हेवा मुंगीएवढा आला आणि मनात घर करून बसला. मग त्याच्या मागून त्याची सगळी रांग आली.

अशातच उर्मी धावत आली. गाताना आवाज थरथरू नये म्हणून तिला पुडी हवी होती. “तूच बांध, सगे. तुझ्या हातची असली की मला भीती नाही वाटणार.”

सगुणाच्या मनात आलं, हिच्याकडे सगळंच आहे, आणि आता माझं नशीबही हिला माझ्याच हातून हवंय.

दोरीवर सुकलेल्या कितीतरी शेवंत्या होत्या. सगुणाचा हात मात्र काल टांगलेल्या शेवंतीकडे गेला. तिने ती कानाशी धरली. पाकळी कुरकुरली नाही. ती मऊ होती, गार होती, आत ओल होती. सगुणाने ती पिशवीत सारली आणि झटकन गाठ मारली. पुढून चौकोन, मागून फुली. वरून पाहून कुणालाच काही कळलं नसतं, आणि उघडून तर कुणी पाहणारच नव्हतं.

उर्मीने पुडी गळ्यात घातली. ती झोपतानाही काढेना.

बंद पिशवीत ओल्या फुलाचं जे होतं तेच झालं. उर्मी आधी शिंकू लागली, मग खोकू लागली, आणि सारजाताई येणार त्या सकाळी तिचा घसा पार बसला. पुडीला कुबट वास येत होता. तिच्या आईने ती काढायला सांगितली तर उर्मी घोगऱ्या आवाजात म्हणाली, सगुणाने बांधली आहे, मी नाही काढणार.

हे सगुणाने दारातूनच ऐकलं. आता एक जागा होती आणि गाणारी एकच मुलगी उरली होती. तिला हवं होतं तसंच झालं होतं. तरी तिला रडू येत होतं.

ती आत गेली. उर्मीच्या गळ्यातली पुडी तिने हातात घेतली. घरातले तांदूळ, गूळ, पेटती चूल तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेली. मग तिने गाठ सोडली. आतली शेवंती काळी पडली होती, तिच्यावर राखाडी बुरशीची लव आली होती.

“फूल ओलं होतं,” सगुणा म्हणाली. “मला माहीत होतं. मला तुझा हेवा वाटला.”

उर्मीने त्या काळ्या फुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही बांधत, असं म्हणायचं होतंस ना. मी रडले असते आणि गेले असते घरी.”

सगुणा पेरूखाली येऊन बसली. तिने दोरा हातात घेतला, पण बोटांना काहीच आठवेना. तेवढ्यात एका पानाआडून हाना उतरली. ती रागावली नव्हती. ती म्हणाली, “तू गाठ गमावलीस, पण ती कुणासाठी सोडलीस ते मी पाहिलं. एक इच्छा माग. नियम तोच, स्वतःसाठी नाही.”

सगुणाने उर्मीसाठी तिचा आवाज परत मागितला. मागताना मन तपासून पाहिलं. हेवा अजून होता, थोडासा. तरी तिने मागितला.

दुपारी पेरूखाली सारजाताईंपुढे दोघी गायल्या. उर्मीचा आवाज मोत्यासारखा स्वच्छ निघाला. सगुणा गायली तेव्हा वरचे पोपट गप्प बसले. सारजाताईंनी कपाळाला हात लावला. एकीलाच नेता येईल, आणि निवडवत तर नव्हतं.

“पण एकीलाच का?” सगुणाने विचारलं.

सारजाताई गोंधळल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या घरी जादा अंथरूण एकच आहे.”

उर्मीने सगुणाकडे पाहिलं. राग पुरता गेला नव्हता. तो तिच्या भुवयांमध्ये दिसत होता. मग ती सारजाताईंना म्हणाली, “आम्ही दोघी मावतो एका अंथरुणात. पण हिने लाथा मारल्या तर मी हिला खाली ढकलणार.”

पेरूच्या फांदीवर बसलेली हाना हसू लागली. हसता हसता तिचे पंख लखलखले, झगा लखलखला, आणि क्षणभर सगळी बाग सोनेरी, गुलाबी, चंदेरी उजेडाने भरून गेली. उजेड ओसरला तेव्हा फांदीवर कुणीच नव्हतं. खाली मात्र दोन मुली आतापासूनच भांडत होत्या, की भिंतीकडच्या बाजूला कोण झोपणार.