एका हाताचा कॅमेरा

मिरजेच्या छायाचित्र मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब इनामदार यांची लेन्स एवढी लांब, की कावळे फांदी समजून तिच्यावर बसत. हंपीच्या सहलीआधी कुमुदताईंनी घेतलेला खिशात मावणारा कॅमेरा पाहून ते कडाडले, "बाई, हे खेळणं सहलीत चालणार नाही. मोठा घ्या, नाहीतर घरी बसा!"

कुमुदताईंनी नजर गेलेल्या नवऱ्याचा, अण्णांचा, हात बापूसाहेबांच्या हातात दिला. "यांना धरून त्या चिंचेचा फोटो काढून दाखवा."

बापूसाहेबांचा कॅमेरा एका हातात डुगडुगला. त्यांनी दुसरा हात लावला, तसे अण्णा चाचपडू लागले. कुमुदताईंनी चटकन त्यांचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने चिंच टिपली.

"दुकानात एवढंच बघून घेतला, बापूसाहेब. चाळीस वर्षं धरलेला हात हंपीत कशाला सोडू?"

बापूसाहेब खाकरले. "बसमध्ये पुढची दोन आसनं तुमची."