डाळिंबी फेट्याचं शेवटचं पाणी

हैबतराव इनामदारांनी रंगारीण तान्हूबाईची मजुरी तीन वर्षं थकवली होती. यंदा त्यांच्या लेकीच्या लग्नाचा फेटा डाळिंबी रंगवायला आला, तेव्हा तिने तो अडकवूनच ठेवला. मजुरी हातात पडेपर्यंत कापड सोडायचं नाही, ही रंगाऱ्यांची जुनी रीत.

"फेटा आमचा आहे, उचलून आणा!" इनामदार गरजले.

कारभारी दाजीपंतांना रीत ठाऊक होती. तरी त्यांनी जाऊन दोरीवरचा ओलसर फेटा ओढून काढला.

"पंत, रंग पक्का करायचं शेवटचं पाणी राहिलंय. मजुरी मिळाली की देते," तान्हूबाई म्हणाली. पंतांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मालकांपाशी चकार शब्द काढला नाही.

चार दिवसांनी भर मांडवात व्याह्यांना मिठी मारताना इनामदारांना घाम फुटला. डाळिंबी ओघळ कपाळावरून मिशीत उतरले, व्याह्यांचा पांढरा अंगरखा डागाळला. वऱ्हाड तोंड दाबून हसू लागलं. तान्हूबाईला तिथेच बोलावून आणलं.

"फेट्याचा रंग कुठं चालला, बोल!"

तिने हात जोडले. "सरकार, कापड तुमचं, ते तुमच्या डोक्यावर आहे. रंग माझा होता. मजुरी मिळाली नाही, म्हणून तो माघारी निघालाय."

इनामदारांनी मान खाली घातली. "पंत, सगळी मजुरी देऊन टाका."

दाजीपंतांनी थैली काढली, पण हात पुढे करवेना. चार दिवस घासूनही तळवे डाळिंबीच होते.

पैसे घेताना तान्हूबाई हळूच म्हणाली, "तुमच्या हातांवर मात्र पक्का बसला, पंत."