तांब्या कसा फिरणार?

"फोनवर तांब्या कसा फिरणार, महाराज?"

भवानगिरींनी पुढची चिंच उचलली. मठाच्या ओसरीवर ते चिंचा फोडत बसले होते.

विचारणारे त्र्यंबकराव सोळंके कालव्यावरच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. कुणाच्या शेताला पाणी कधी सुटायचं, ते त्यांच्या बैठकीत ठरे. ठरलं, की पाण्याचा तांब्या सगळ्यांत फिरे. ज्यानं घोट घेतला, त्यानं शब्द मोडायचा नाही, अशी जुनी रीत. आणि आता वरून कळवलं होतं, की ज्याला येणं जमत नाही त्यानं घरून फोनवर बैठकीला बसावं. संस्थेनं तसा ठराव करून घ्यावा.

"पाण्याचं भांडण समोरासमोर मिटतं," त्र्यंबकराव म्हणाले. "घरी खाटेवर लोळून 'हो' म्हणायला काय लागतं?"

"खाटेवर कोण आहे?"

"कोण नाही... म्हणजे, गयाबाईचा नवरा. अंगावरून वारं गेलंय त्याच्या."

गयाबाई कालव्याच्या शेपटाकडची सदस्य. तिकडं पाणी सगळ्यांत शेवटी पोचे. कधी पोचतच नसे. नवरा पडल्यापासून ती बैठकीला आली नव्हती. आणखी एक बैठक चुकली, की नियमानं तिचं नाव कमी होणार. ती बैठक उद्याच होती.

"ती यायची तेव्हा कुठं बसायची?"

"बायामाणसं कडेला बसतात. पार शेवटाला."

"तांब्या तिथवर पोचेतो घोट उरायचा का रे?"

त्र्यंबकराव हसले. "तुम्हीपण शेपटाचेच निघालात की!"

महाराजही हसले. मग चिंचांचं ताट उचलून उठले, आणि त्र्यंबकरावांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसले.

"महाराज...?"

"बोल की. ऐकतोय."

"पाठीशी काय बोलायचं?"

"बोल."

त्र्यंबकरावांना झोंबलं. त्यांच्याकडं पाठ करून बसायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती. उठून जावं, असं मनात आलं.

उठले नाहीत. भगव्या छाटीतून महाराजांच्या पाठीचे मणके दिसत होते. किती वाळले होते महाराज. इतकी वर्षं समोर बसून त्यांना ते दिसलं नव्हतं.

"मी... आजवर एक बैठक चुकवली नाही."

पाठ हलली नाही.

"समोर असले, की माझ्या तोंडाकडं बघून हात वर करतात सगळे."

चिंचोका ताटात पडला.

"लांबून नाही करायचे."

आणखी एक चिंचोका पडला.

"गयाबाई समोर बसूनही करत नव्हती." त्र्यंबकरावांचा आवाज खाली गेला. "म्हणून बैठक सकाळची ठेवली, महाराज. त्या वेळी नवऱ्याला उठवायचं, पुसायचं, भरवायचं असतं तिला. ठाऊक होतं मला."



त्र्यंबकरावांनी खिशातून फोन काढला.

"गयाबाई, अध्यक्ष बोलतोय... त्र्यंबक. उद्या फोनचा ठराव मीच मांडतो. झाला, की लगेच तुम्हाला लावतो. घरूनच बसा."

पलीकडून आधी एका पुरुषाचं अडखळतं, न कळणारं बोलणं आलं. मग बाईचं, त्याच्यासाठी, "हो हो, आले." मग फोनवर, "पण मी शेपटाच्या पाळीचं बोलणार. आधीच सांगते."

"बोला."

"मोठ्यानं बोलणार."

"बोला, बाई."

फोन मांडीवर ठेवून त्र्यंबकराव तसेच बसून राहिले. डोळे पुसायला रुमाल काढावा, हेही त्यांना सुचलं नाही.

महाराज वळले. त्यांच्याकडं निरखून पाहिलं, आणि ताट बाजूला सारून जागा केली.

"अरे त्र्यंबका... कधी आलास?"