समुद्रात फेकलेलं खमीर

आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या आधीची, फार फार जुनी गोष्ट आहे. तुर्की सुलतानाच्या राज्यात समुद्रकाठी एक गाव होतं. गावात मुसलमान होते, ख्रिस्ती होते, यहुदी होते. देव ज्याचा त्याचा, पाव मात्र सगळ्यांचा एकाच गल्लीतून यायचा.

त्या गल्लीत तीन भट्ट्या होत्या. एक दुरसुन उस्ताची. तो मुसलमान, आणि कसबी कारागिराला तिकडे उस्ता म्हणत. दुसरी एव्दोकिया नावाच्या ख्रिस्ती बाईची. नवरा गेल्यावर तिनेच ती नेटाने चालवली होती. तिसरी शेमटोव यहुद्याची. शुक्रवारी उस्ता भट्टी बंद ठेवायचा, शनिवारी शेमटोव, रविवारी एव्दोकिया. त्यामुळे गाव एकही दिवस उपाशी राहत नसे.

पाव फुगायला खमीर लागतं. आपण दह्यासाठी विरजण राखून ठेवतो ना, तसंच ते. कालच्या कणकेतली मूठभर ठेवायची, तिने आजची कणीक फुगवायची. शेमटोवला आपल्या खमिराचा भारी अभिमान. आजोबांना परमुलखातून हाकलून दिलं तेव्हा त्यांनी हे खमीर छातीशी धरून जहाजातून आणलं, आणि तेव्हापासून ते आमच्या घराबाहेर गेलेलं नाही, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. गिऱ्हाइकं मान डोलवायची. पाव चांगला होता, मग त्यांचं काय जात होतं?

पण घराबाहेर गेलेलं नाही म्हणे! अहो, यहुद्यांचा वल्हांडण सण असतो. त्या आठ दिवसांत घरात खमिराचा कणसुद्धा चालत नाही. कोनाड्यात लपवूनही भागत नाही. ते आपल्या मालकीचंच असता कामा नये. म्हणून दर वर्षी सणाच्या आदल्या दिवशी शेमटोव आपलं खमिराचं गाडगं दुरसुन उस्ताला देऊन टाकायचा. दिलं म्हणजे दिलं, आठ दिवस ते उस्ताचं. उस्ता त्यात रोज स्वतःचं पीठ घालून ते जिवंत ठेवायचा आणि सण सरला की परत द्यायचा. आजोबांच्या काळापासून दोन्ही घरांत हेच चालत आलं होतं. इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे शेमटोवच्या ते लक्षातही येत नसे.

एके वर्षी सण तोंडावर आलेला असताना बाजारात एक प्रवासी म्हणाला, या गल्लीत पाव खावा तर उस्ताचाच. शेमटोवला ते चांगलंच झोंबलं. चारचौघांत तो म्हणाला, "उस्ताच्या पावाला कुळ ना मूळ. माझ्या घरचं खमीर त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेलं नाही."

उस्ता तिथेच उभा होता. त्याचा चेहरा लालबुंद झाला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि तो चालता झाला. शेमटोवला वाटलं, बरी जिरली.

सणाचा आदला दिवस उजाडला. आता गाडगं द्यायचं कोणाला? त्याची बायको रेना म्हणाली, जा, उस्ताची माफी मागा आणि गाडगं देऊन या. पण माफी मागेल तो शेमटोव कसला. तो गाडगं घेऊन थेट धक्क्यावर गेला आणि आतलं सगळं खमीर त्याने समुद्रात ओतलं. आजोबांचा हातगुण माझ्या अंगात आहे, नवं खमीर धरायला कितीसा वेळ लागतो, असं तो घरी येऊन म्हणाला. रेनाने कपाळाला हात लावला.

नवं खमीर धरायला आठ-दहा दिवस तरी लागतात आणि सण सरेपर्यंत त्याला ते धरताही येणार नव्हतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. रागाच्या भरात माणूस स्वतःचा धंदा विसरतो तो असा.

आणि दिवस मोजकेच होते. भट्टीचा परवाना काझीकडून मिळायचा. सणासाठी आठ दिवसांची सूट होती, वर एक दिवस तयारीला. दहाव्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात फुगलेला पाव दिसला नाही, तर परवाना दुसऱ्याला, असा त्या गावचा कायदा होता. आजोबांच्या हातची ती भट्टी गेली असती तर शेमटोवच्या घराला दुसरा आधार नव्हता. भट्टीवर डोळा ठेवून बसलेले दोघंतिघं होतेच.

नवव्या दिवशी सकाळी शेमटोवने पीठ मळलं. वाट पाहिली. कणीक ढिम्म हलेना. तशीच भट्टीत घातली, तर जे बाहेर आलं त्याने भिंत बांधता आली असती. आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं. उस्ताकडे जायची लाज वाटली, म्हणून तो एव्दोकियाच्या दारात गेला आणि मूठभर खमीर मागू लागला.

एव्दोकियाने सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, "दिलं असतं रे, पण हे उस्ताकडचं आहे. माझं छप्पर कोसळलं आणि गाडगं फुटलं, तेव्हा त्याने दिलं. घेतलेलं खमीर मूळ मालकाला विचारल्याशिवाय पुढे द्यायचं नाही, ही आपली रीत. जा, विचारून ये."

शेमटोवने गयावया केली, तूच विचार म्हणून. ती म्हणाली, "बाजारात तोंड तुझं सुटलं होतं, माझं नाही."

काय करतो बिचारा! गेला. उस्ता पीठ चाळत होता. शेमटोव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि म्हणाला, "उस्ता, मी माझं खमीर समुद्रात फेकलं. बाजारात बोललो ते चुकलं. तुझ्यातलं मूठभर देशील?"

उस्ताच्या हातची चाळणी थांबली. तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. शेमटोवला वाटलं, संपलं, आता हा नाही म्हणणार.

"सगळं फेकलंस?" उस्ताने विचारलं. मग खाली बघत तो म्हणाला, "मग बरं झालं मी चोर निघालो. बावीस वर्षांपूर्वी माझं खमीर नासलं. तेव्हा तुझं गाडगं माझ्या घरी होतं. मी त्यातलं मूठभर घेतलं. आठ दिवस ते माझंच होतं, हे खरं. पण तुला सांगितलं नाही, हेही खरं. तू बाजारात बोललास तेव्हा मला वाटलं तुला ते कळलं आणि तू टोमणा मारतोयस, म्हणून गप्प बसलो. माझ्या भट्टीत तुझ्या आजोबांचंच खमीर आहे, बाबा."

शेमटोव उंबरा ओलांडून आत आला आणि त्याच पोत्यावर बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. डोळे पुसत तो म्हणाला, "चोर कसला रे तू. दर वल्हांडणाला ते तुमच्या घरी राहिलं म्हणून जगलं. नुसतं आमचंच असतं, तर आजोबांच्या पहिल्याच सणाला संपलं असतं."

उस्ताने नुसतं खमीर दिलं नाही, कणीक मळायला तो स्वतः आला. दहाव्या दिवशी सकाळी शेमटोवच्या दुकानात पाव असे फुगले होते की रेनाचा जीव भांड्यात पडला. दुपारी बाजाराचा अंमलदार आला. त्याने एक पाव मोडला, वास घेतला, खाल्ला, आणखी एक काखेत मारला आणि परवान्याचं नावही न काढता निघून गेला.

त्यानंतर कोणी खमिराची चौकशी केली, की शेमटोव आजोबांच्या जहाजापासून सुरुवात करायचा आणि उस्ताच्या बापाचं, उस्ताचं नाव घेतल्याशिवाय थांबायचा नाही. गोष्ट लांबायची आणि गिऱ्हाइकं कंटाळायची, पण भट्टी शेमटोवच्या नातवंडांपर्यंत चालली.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: घराण्याचं म्हणून आपण जे मिरवतो, ते बहुधा शेजाऱ्याने राखलेलं असतं, म्हणून मिरवण्याआधी शेजाऱ्याचं नाव घ्यावं.