न चाखलेली आमटी

“पण अक्का, मीठ मी न्हाई बघायचं, तर मग बघायचं कुणी?”

दिगंबर खराडेचा आवाज चढला होता. रुक्माक्का मठाच्या ओसरीवर घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“विलास हाय की.”

“विलास!” दिगंबर म्हणाला. त्या एका शब्दात त्याचं सगळं मत येऊन गेलं.

हा दिगंबर साखर कारखान्यातली बरी चाललेली नोकरी सोडून वर्षापूर्वी लग्नाच्या जेवणावळींची कामं घ्यायला लागला. हाताला चव होती. नाव झालं, आणि नाव झालं तशी झोप उडाली. ‘आपला हात जगन्नाथ’ हा त्याचा गुरुमंत्र. अक्कांचा अनुग्रह घेतला होता खरा, पण जप याचाच चालायचा. भाजी कुणीही परतो, आमटीला फोडणी कुणीही देवो, पातेलं उतरण्याआधी पळीतला थेंब याच्याच तळहातावर पडला पाहिजे. धाकटा भाऊ विलास पहिल्या मांडवापासून बरोबर होता. पण त्याने मीठ घातलं की वरून दादाची चिमूट ठरलेली. तीही भर मांडवात, चार आचाऱ्यांदेखत.

आता येत्या रविवारी दोन लग्नं होती. एक उंब्रजला, एक मसूरला, आणि अक्षता दोन्हीकडे दुपारीच. धंद्याच्या पहिल्या वर्षी माणसाच्या तोंडून ‘नाही’ कसं ते निघत नाही. दिगंबर दोन्हीकडे शब्द देऊन बसला होता. त्यात आज सकाळीच विलासने सांगून टाकलं, की रविवारपर्यंत थांबतो, मग पुण्याला कामाला जातो. तो आत्ता मठाबाहेर टेम्पोत बसून होता, तोंड पलीकडे करून.

“एका पोरीच्या बापाला न्हाई म्हणून सांगतो,” दिगंबर म्हणाला. “आणि एवढं एक लग्न उरकलं की सगळंच बंद. कारखान्यात हातापाया पडून परत चिकटतो. तुम्ही फक्त हो म्हणा…”

अक्कांनी घेवड्याची सुपली बाजूला सारली.

“जेवल्यावर बोलू. आमचा आचारी तापानं पडलाय, आणि आज महाराजांच्या पुण्यतिथीचा निवद व्हायचाय. भात, भाजी बाया बघतील. आमटी तेवढी तू कर.”

दिगंबरच्या अंगात एकदम तरतरी आली. निदान एवढं तरी आपल्या हातातलं होतं. त्याने बाह्या सारल्या, चुलीशी गेला. डाळ घोटली, फोडणी दिली, गूळ, आमसूल, मसाला. आमटीला उकळी फुटली तशी त्याने पळी बुडवली आणि थेंब तळहातावर घेतला.

“काय करतोयस?” अक्का दारात उभ्या होत्या.

“मीठ बघतो.”

“देवाच्या आधी?”

हात तोंडापाशीच थांबला. नैवेद्य उष्टा करू नये हे काय त्याला ठाऊक नव्हतं? सणाच्या दिवशी आईने याच कारणासाठी त्याच्या हातावर फटके मारले होते. पण वर्षभराची सवय हातात मुरली होती. त्याने निमूट तळहात धुतला.

“मग कळणार कसं?”

“न्हाई कळणार.”

दिगंबर मूठभर मीठ घेऊन पातेल्यापुढे उभा राहिला. थोडं घातलं. कमी वाटलं. आणखी घालायला हात पुढे केला, जास्त होईल म्हणून मागे घेतला. आख्ख्या गावाला जेवू घालणारा गडी, पण कपाळावरचा घाम गळून आमटीत पडतो की काय अशी वेळ आली.

विलास पाणी प्यायला आत आला होता. दिगंबरने त्याच्याकडे पाहिलं. वर्षभरात जे विचारलं नव्हतं ते आज विचारलं.

“पुरे का रं?”

“मला काय विचारतोस, दादा? मी तरी कुठं चाखलीय?”

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मिठाची मूठ परत बरणीत गेली.

नैवेद्य झाला. पंगत बसली. देवाच्या पानावर मीठ वाढत नाहीत, पण माणसांच्या पानावर पहिलं मीठच पडतं. अक्का स्वतः मिठाची वाटी घेऊन ओळीने वाढत गेल्या. मग भाजी, भात, आमटी. दिगंबर सवयीने वाढायला उठला, तर त्यांनी त्याला खांदा दाबून विलासशेजारी खाली बसवलं आणि स्वतः ओळीच्या टोकाला पान घेऊन बसल्या. धंदा सुरू केल्यापासून तो पंगतीला बसलाच नव्हता.

पहिला घास तोंडात गेला…

अळणी!

दिगंबरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कुणीतरी विचारणार, आज आमटी कुणी केली म्हणून. त्याने चोरून समोर पाहिलं. समोरच्या म्हाताऱ्याने भात कालवला, घास घेतला, पानावरचं मीठ दोन बोटांनी उचलून भातात मिसळलं आणि आपल्या गाभण म्हशीची गोष्ट पुढे चालू ठेवली. शेजारच्या बाईने तसंच केलं. पलीकडच्या एकाने तर मिठाला हातही लावला नाही.

“आमटी आणा हो इकडं!” कुणीतरी ओरडलं.

आचारी कोण, हे कुणीच विचारलं नाही.

दिगंबरला हसू फुटलं. घास घशात, त्यात हसू, त्यामुळे असा ठसका लागला की विलासला त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं ते काही सगळंच ठसक्याचं नव्हतं. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं. सुटलो, असं त्याला वाटलं. बरं वाटलं, फार बरं वाटलं. त्याने भात मागून घेतला.

“विल्या, मसूरचं लग्न तू काढ.”

“आणि तू?”

“मी उंब्रजला.”

“तिथनं मसूरला किती वाजता येशील?”

“येणार न्हाई.”

विलासचा घास हातात राहिला.

“आणि मीठ?”

“तुझं तू घाल. मला फोनसुद्धा करू नको.”

विलास बराच वेळ खाली मान घालून भात कालवत राहिला. कालवायचं काही उरलं नव्हतं तरी.

“पुण्याला मग तसं कळवायला लागंल,” तो पुटपुटला.

“कळव.”

पंगत उठली. दिगंबर हात धुऊन अक्कांजवळ आला. त्या आपलं पान दुमडत होत्या. पान चाटूनपुसून स्वच्छ.

“अक्का, आमटी अळणी हुती. तुम्हाला तर पहिल्या घासालाच कळलं असंल. मग बोलला का न्हाई?”

अक्कांनी दुमडलेलं पान उचललं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

“भूक लागली हुती रं.”