शेवटचा कंद

"ताई, याचे पाय वर ठेवायचे की खाली?"

या प्रश्नाचे उत्तर धाकट्याला कोणीच दिले नाही. ते कसे, ते ऐका मुलांनो. एका घरामागच्या बागेत, नारळाच्या झाडावर, एक खार आणि तिचा धाकटा भाऊ राहत असत. घरातल्या बाईंनी उन्हाळ्यात रॅननक्युलस नावाच्या फुलझाडाचे कंद वाळत घातले होते, त्यातले सात ताईने पळवून घरट्यात जपून ठेवले होते. थंडी पडू लागताच ती ते घेऊन खाली उतरली. कंद कसले, कोंबडीच्या पायाची सुकलेली बोटेच जणू! "खायचे नाहीत हं, तोंड भाजेल," ती म्हणाली, "लावायचे. याच्या एका फुलाला शंभर पाकळ्या असतात. तुला दाखवते बघ." तेव्हाच धाकट्याने तो प्रश्न विचारला, आणि तेवढ्यात कुंपणावरून मांजराने झेप घेतली. धाकटा झाडावर चढला. ताई मात्र मांजराच्या तावडीत सापडली, ती परत आलीच नाही.

आता ताईचे फूल आपणच फुलवायचे, असे धाकट्याने ठरवले. पण धीर म्हणजे काय, ते त्याला ठाऊकच नव्हते. दोन कंद त्याने तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवले, ते कुजले. चार लावले, कधी पाय वर, कधी खाली, आणि रोज सकाळी उकरून पाहिले. त्यांना दोऱ्यासारखी पांढरी मुळे फुटली होती, ती त्याच्याच नखांनी तुटली. "पेरतोस की लपंडाव खेळतोस?" कावळा वरून हसला. धाकट्याने त्याला खडा मारला आणि मग शेवटचा कंद छातीशी धरून नळापाशी रडत बसला.

नळाखालचा बेडूक जांभई देत म्हणाला, "रडतोस कशाला? तो लाव माझ्या डोक्यावर. मी आता पावसाळ्यापर्यंत मातीखाली झोपणार."

"काका, पाय वर की खाली?"

"मला काय माहीत! पण एक ऐक. वरची माती हलली की मला वाटतं, पाऊस आला. मी अवेळी बाहेर येईन आणि थंडीनं मरेन. तेव्हा उकरायचं नाही. बघ, जमेल?"

बेडूक मातीत शिरला. धाकट्याने कंद हातात फिरवून पाहिला. ताई फांदीवर पाय खाली रोवून बसायची, ते त्याला आठवले. त्याने कंदाचे पाय खाली ठेवले आणि वर माती लोटली. दुसऱ्या दिवशी त्याचे पंजे शिवशिवले. तो धावत आला, वाफ्याशी थबकला आणि म्हणाला, "काका, झोपा तुम्ही." असे तो रोज येई आणि रोज हात मागे घेई. पुढे कोथिंबिरीसारखी पाने आली, आणि थंडी ओसरता ओसरता एक शेंदरी फूल उमलले. धाकट्याला विसाच्या पुढे मोजता येत नव्हते. तो वीस मोजी आणि पुन्हा एकपासून सुरू करी. असे पाच वेळा झाल्यावर कावळा हळूच म्हणाला, "अरे, शंभर झाल्या की!"

"ताई म्हणालीच होती," धाकटा म्हणाला.

ऊन वाढले, फूल गळले, पाने पिवळी पडली. फूल मेले की झोपले, ते उकरून पाहावे असे त्याला फार वाटले. पण तो घरट्यात गेला. तिथे ताईच्या झोपायच्या जागेचा काथ्या अजून तसाच होता. त्या काथ्याला त्याने कोणालाही हात लावू दिला नव्हता. तो सगळा त्याने तोंडात धरून खाली आणला, वाफ्यावर पसरला आणि दोन्ही पंजांनी अलगद थोपटला.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव असतो, त्याला सारखे उकरून पाहू नये, त्याच्यावर पांघरूण घालावे आणि वाट पाहावी.